उद्याचा पराग

शिंक येण्याआधी घड्याळजींचा चेहरा एखाद्या थोर विचारवंतासारखा होत असे. भुवया वर चढलेल्या, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ किंचित विलग. जणू विश्वाचं कोडं आता सुटणार. आणि ते सुटायचंच, फक्त नाकावाटे.

त्यांना एक शिंक कधी येत नसे, शिंकांची फेरी येत असे. ती सुरू झाली की समोरच्या घरातल्या काकू दार उघडून विचारत, "भिंतीत खिळे ठोकताय का हो?" झाडांना तुरे फुटले की हे खिळे ठोकणं सुरू व्हायचं आणि तुरे गळून गेले की थांबायचं.

घड्याळजींच्या बायकोला सगळी इमारत 'वहिनी' म्हणत असे, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. वहिनींना इतक्या वर्षांच्या संसारात एक विद्या आपोआप साध्य झाली होती. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नुसतं बघून त्या सांगत, "अजून एक आहे." आणि ती यायची. "संपल्या," म्हणाल्या की संपायच्या. या विद्येचा जगाला काडीइतका उपयोग नव्हता आणि वहिनींनीही तिचा कधी तोरा मिरवला नव्हता. त्यांनी तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण थांबल्या असत्या तर त्या वहिनी कसल्या!

आता शिंकणारा माणूस कारकून असता, शिक्षक असता, अगदी न्यायाधीश असता, तरी निभावलं असतं. पण घड्याळजी घड्याळं दुरुस्त करत. खसखशीएवढे स्क्रू, केसाएवढ्या स्प्रिंगा, आणि त्यांच्या बरोबर वर टांगलेलं हे नाक. मोसमात दुकानात शिंक आली की त्यातला एखादा स्क्रू जो जायचा तो कायमचा. दुकानाच्या जमिनीवर आजवर जेवढे स्क्रू हरवले होते त्यांतून एक अख्खं घड्याळ उभं राहिलं असतं, असं त्यांचा मेव्हणा म्हणायचा. मेव्हण्याला त्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची होती, म्हणून तो असं काहीबाही म्हणायचा.

पण मागच्या वर्षी जे झालं ते दुकानात झालं नाही, चारचौघांत झालं. चौकातल्या वाचनालयात दर्शनी काचेच्या मागे एक उंच, जुनं, लंबकाचं घड्याळ आहे. रस्त्यावरून जाणारा माणूस त्यात वेळ बघूनच पुढे जातो. लंबक एका पोलादी पट्टीवर लटकतो. ही पट्टी कागदाहून पातळ असते आणि तिला मुरड पडली की ती गेलीच म्हणायची. घड्याळजी शिडीवर चढले, पट्टी बसवली, लंबक अडकवायला हात पुढे केला आणि त्यांचा चेहरा विचारवंतासारखा झाला. खाली शिडी धरलेल्या वहिनी, ग्रंथपाल बाई, दोन शिपाई आणि वर्तमानपत्र वाचायला येणारे समस्त पेन्शनर टक लावून बघत होते. त्या सगळ्यांच्या साक्षीने फेरी झाली, लंबकाला हिसका बसला आणि पट्टी मुरगळली.

तेव्हापासून ते घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर उभं होतं आणि तेव्हापासूनच घड्याळजी भाजी आणायला चौकातून न जाता मागच्या गल्लीने वळसा घालून जात होते.  भाजी त्यामुळे उशिरा यायची.

यंदा ग्रंथपाल बाई स्वतः दुकानात आल्या. वाचनालयाच्या दालनाची डागडुजी झाली होती, ते महिनाअखेर पुन्हा उघडायचं होतं. नव्या पट्टीची मागणी घड्याळजींनी बाहेरगावच्या एका जुन्या कारागिराकडे केव्हाच नोंदवली होती आणि तो ती आता पाठवणार होता. एकच होती, आणि पुन्हा करणार नाही, असं त्याने स्वच्छ कळवलं होतं. त्याची नजर गेली होती.

"ती बसली तर उत्तम," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "नाहीतर त्या जागी सेलवरचं घड्याळ लावायचं ठरलंय. मला स्वतःला नाही आवडणार. पण वाचकांना वेळ दिसली पाहिजे. ते उठतच नाहीत हो!"

रात्रीच्या जेवणाला घड्याळजी म्हणाले, "लावू देत सेलवरचंच. आणि मी म्हणतो, दुकान तरी कशाला? देऊन टाकावं मेव्हण्याला."

हे ते इतक्या सहज म्हणाले की वहिनींचा घास हातातच राहिला. नवरा चिडून बोलला की घाबरायचं कारण नाही, हे त्यांना माहीत होतं. तो शहाण्यासारखं बोलायला लागला की मात्र काळजी करायची.

"पट्टी तर येऊ दे," त्या म्हणाल्या. "बसवायचा दिवस मी काढून देते."

"कसला दिवस?"

"तुम्हाला शिंक येणार नाही असा."

"या महिन्यात असा दिवस नसतो."

"असतो. कुठला ते आपल्याला माहीत नसतं, एवढंच."

वहिनी दाताच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायचं काम करत. दिवस काढून देणं हा त्यांच्या हातचा मळ होता. दाढ दुखत असलेल्या माणसाला गुरुवारपर्यंत थांबायला लावणारी बाई झाडांना काय घाबरणार?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जरा शांत झाल्यावर त्यांनी पहिला फोन हवामान खात्याला लावला. हवेत झाडांचे परागकण कधी जास्त असतात आणि कधी कमी, एवढंच त्यांना हवं होतं.

"बाई, आम्ही वारा सांगतो," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "वाऱ्यात काय आहे ते नाही सांगत."

"मग ते कोण सांगतं?"

"ज्याच्या नाकात जातं तो."

दुसरा फोन उद्यान विभागाला. आमच्या रस्त्यावर दुतर्फा झाडं आहेत, त्यांना सध्या शेपटीसारखे तुरे लोंबतायत, त्या झाडांचं नाव काय?

"नावं नसतात, नंबर असतात. आणि तुमची तक्रार झाडाविरुद्ध आहे, की झाडाच्या वतीने?"

"तक्रार नाहीये. कुतूहल आहे."

 पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "त्याला आमच्याकडे रकाना नाही," गृहस्थ खरोखरच दिलगीर होऊन म्हणाले.

तेव्हा वहिनींनी ठरवलं की आता आपलं आपणच बघायचं. लेक परगावी शिकायला गेलेली. तिचं शाळेतलं खेळण्यातलं सूक्ष्मदर्शक यंत्र माळ्यावर होतं, ते खाली उतरलं. दुकानातून मनगटी घड्याळांच्या जुन्या सपाट काचा आल्या. त्या काचेवर ओठांना लावायचं मलम पातळ फासायचं, काच दिवसभर गॅलरीच्या कठड्यावर चिकटवून ठेवायची आणि संध्याकाळी यंत्राखाली धरायची. वाऱ्याने आणलेलं सगळं तिला चिकटलेलं असायचं. फोनवर लेक म्हणाली, "आई, हे सगळं मोबाइलवर मिळतं गं." वहिनी म्हणाल्या, "आपल्या गॅलरीतलं मिळतं का?" 

पहिले काही दिवस काचेवर नुसती काजळी, एक मुंगी आणि समोरच्या काकूंच्या मांजराचा केस, एवढंच होतं. मग एका संध्याकाळी यंत्राचा स्क्रू किंचित फिरवताना एकदम काहीतरी लख्ख झालं आणि वहिनी "अगं बाई!" म्हणून खुर्चीतून अर्ध्या उठल्या. धुळीत छोटे छोटे गोळे होते. नुसते गोळेही नव्हेत, प्रत्येकाला तीन बारीक छिद्रं, एखाद्या कारागिराने मापून पाडावीत तशी. शेजारी एक वेगळाच कण होता, त्याला दोन फुगे लावलेले. वाऱ्यावर जायचं म्हणून कोणीतरी त्याला पोहायला शिकवण्याची तयारी करून पाठवलं होतं! वर्षानुवर्षं नवऱ्याचं नाक ज्यांनी छळलं ते हे असे दिसायला गोजिरवाणे निघतील, असं वहिनींना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आधी राग आला, मग कौतुक वाटलं, मग कौतुक वाटल्याचा राग आला.

मग त्यांना नादच लागला. कुठल्या झाडाचा कण कसा दिसतो हे कळायला हवं, म्हणून त्या दवाखान्यातून येताना निरनिराळे तुरे खुडून आणायला लागल्या. ते घरी काळ्या कापडावर झटकले की पिवळी धूळ कशी छान उठून दिसायची. कुंडीतली भडक फुलं अगदी निरपराध आहेत, त्यांची धूळ जड आणि चिकट असते, ती नेण्यासाठी मधमाशा ठेवलेल्या असतात, हेही त्यांना उमगलं. खरा उपद्रव होता तो ज्यांना फूल म्हणायला जीभ धजत नाही अशा त्या मरगळलेल्या तुऱ्यांचा. कोरडी हवा, कोवळं ऊन आणि सकाळचा वारा असला की काच पिवळी व्हायची. पाऊस पडून गेला की स्वच्छ. वाऱ्याचं आणि पावसाचं भाकीत हवामान खातं करतच होतं, त्यात कणांची भर वहिनींनी घातली आणि त्यांचा उद्याचा अंदाज तयार झाला.

हा अंदाज घरातल्या घरात राहिला असता तर बरं झालं असतं. पण समोरच्या काकूंना वास लागला. "अहो वहिनी, आमच्या ह्यांचे डोळे चुरचुरतात. एवढी माहिती नाकाशी धरून काय बसलाय? बोर्डावर लावा की!"

बोर्ड म्हणजे लिफ्टशेजारचा सोसायटीचा सूचनाफलक. त्यावर अध्यक्षांच्या परवानगीशिवाय टाचणीही टोचता येत नसे. वहिनींनी लिहून नेलं होतं : 'उद्या सकाळी हवेत झाडांचे परागकण येण्याचे प्रमाण जास्त राहील, असा अंदाज आहे. ज्यांना त्रास होतो त्यांनी खिडक्या बंद ठेवाव्यात.'

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि लाल पेन उघडलं. ते आयुष्यभर मसुदे तपासण्याच्या नोकरीत होते, आणि निवृत्त झाले तरी पेन निवृत्त झालं नव्हतं.

"'अंदाज' नको. अंदाज म्हणजे खात्री नाही. खात्री नसलेली सूचना आपण लावत नाही."

"पण तो अंदाजच आहे."

"'झाडांचे' काढा. झाडं नगरपालिकेची. उद्या ते आपल्यावर उलटेल. 'कण' तर अजिबात नको. कण म्हटलं की लोक म्हणणार, जिना झाडत नाहीत. 'प्रमाण' कशाला? प्रमाण कोणी विचारलंय? 'हवेत' तर आहेच, आणखी कुठे असणार?"

असं करत करत जे उरलं ते अध्यक्षांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात उतरवून लावलं :

'उद्या पहाटे पराग येणार. दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. आदेशावरून.'

"आता कसं, मुद्द्याचं झालं," ते म्हणाले.

वहिनींना काहीतरी खटकलं. पण अक्षर छापल्यासारखं दिसत होतं, खाली 'आदेशावरून' होतं, आणि आपलं म्हणणं कोणीतरी आदेशावरून लावतंय हा अनुभव त्यांना नवा होता. त्या मोहात पडल्या.

फलकाचा लौकिक वाढला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात गाठून विचारू लागले, "काय वहिनी, उद्या येतोय का?" समोरच्या काकूंनी नको असलेल्या दोन पाहुण्यांना फलकाचं कारण सांगून परस्पर वाटेला लावलं. आणि एक गंमत वहिनींनी हेरली : ज्या दिवशी फलकावर 'येणार' असेल, त्या दिवशी लोक फलक वाचून लिफ्टमध्ये शिरताच शिंकायचे. वाचेपर्यंत ठणठणीत असायचे. म्हणजे पराग डोळ्यांतूनही नाकात जातो की काय, असा एक नवाच प्रश्न उभा राहिला, आणि त्या दोन दिवस त्याचाच विचार करत होत्या.

पण एका बाबतीत त्या सपशेल तोंडावर आपटल्या. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस अंदाजाला भीक घालत नव्हता. फलकावर 'येणार' असो की नसो, पाऊस पडो की ऊन, घड्याळजी दुकानात शिंकत होते. टेबलाशी बसले, भिंग डोळ्याला लावलं की फेरी सुरू. पूर्वी मोसमात चार दिवस वाईट तर तीन बरे जायचे. यंदा मधे खंडच नव्हता.

"आज तर काच अगदी स्वच्छ होती हो!" वहिनी रडकुंडीला येऊन म्हणत.

"काचेला नाक नाही," घड्याळजी म्हणत.

यात त्यांचा टोमणा नव्हता, तेच वाईट होतं.

अशातच एका सकाळी वहिनी दवाखान्याला निघाल्या, तर फाटकाशी नवा वॉचमन छाती काढून उभा. माणूस मोठा कर्तव्यदक्ष. दर सकाळी फलक वाचून मगच स्टुलावर बसायचा.

"वहिनी, आज आला होता बरं का तो!"

"कोण?"

"पराग."

"दिसला तुम्हाला?" वहिनी चकित झाल्या. त्यांना स्वतःला यंत्राखाली दिसायला किती खटपट पडली होती! "नुसत्या डोळ्यांनी?"

"मग! चांगला उंच आहे. हेल्मेट घालून आला होता. गळ्यात कार्ड, त्यावर ठळक नाव. म्हटलं, आत जायचं नाही, तुझं नाव बोर्डावर लागलंय. म्हणे, पार्सल आहे. म्हटलं, तुझं रोज काही ना काही असणारच. असा झापला त्याला! पुन्हा नाही यायचा."

 तेवढ्यात पर्समधला फोन वाजला आणि त्यावर संदेश उमटला : 'आपण आपले पार्सल स्वीकारण्यास नकार दिला आहे. धन्यवाद.'

पार्सल कोणाचं होतं हे वेगळं सांगायला नको. ती पट्टी होती, एकुलती एक.

कुरिअरचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. वहिनींनी दवाखान्यात फोन करून सुट्टी घेतली, घड्याळजींना दुकानातून उठवलं आणि दोघं निघाले. बसने अर्ध्या वाटेवर सोडलं, पुढे पायी. तो सगळा रस्ता त्या तुरेवाल्या झाडांचाच होता. ऊन कोवळं, वारा झुळझुळ आणि डोक्यावर तुऱ्यांच्या झालरी. वहिनींच्या हिशेबाने हा दिवस वर्षातला सर्वांत वाईट होता. वाटेत एक-दोन सुटे शिंकणारे भेटलेही. त्या नवऱ्याकडे चोरून बघत होत्या, आता चेहरा बदलेल, मग बदलेल. पण घड्याळजी मान खाली घालून नाकासमोर चालत राहिले. वहिनींना वाटलं, माणूस इतका खचला की शिंकणंही सोडून देतो.

ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली बिनखिडकीची खोली. काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघून सांगितलं, "तुम्ही नकार दिलाय. दिलेला नकार परत घेता येत नाही."

"पण आम्ही दिलाच नाही!"

"इथे तसं दिसतंय. पार्सल संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. पाठवणाऱ्याला सांगा, पुन्हा पाठवेल."

"तो नाही पाठवणार," घड्याळजी म्हणाले. आणि पुढचं ते काउंटरला उद्देशून नाही, स्वतःलाच म्हणाले, "जाऊ दे. बरंच झालं."

त्या 'बरंच झालं'ने वहिनी पेटल्या. "पराग कुठाय?" त्या गरजल्या.

आतल्या पोत्यांच्या ढिगाआडून एक उंच माणूस बाहेर आला. चाळिशीचा असेल, मिशीत पांढरं दिसायला लागलेलं, चेहरा पडलेला. "मी. काय केलंय मी, ते तरी सांगा. वीस वर्षं पार्सलं वाटतोय. कुत्री मागे लागली, समजू शकतो. पण बोर्डावर नाव? तेही दारं-खिडक्या लावून घ्या म्हणून?"

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो दादा, तो पराग तुम्ही नाही. तो झाडाचा. त्याने शिंका येतात."

"माझ्या नावाने शिंका येतात?"

"म्हणजे... फुलात जी पिवळी धूळ असते ना, तिला म्हणतात."

"धूळ?" त्याचा आवाज आणखी खाली गेला. "आई म्हणायची, फुलातलं काहीतरी आहे."

"आहेच," वहिनी घाईने म्हणाल्या. "फुलातलं सगळ्यांत महत्त्वाचं तेच. ते नसतं तर पुढचं झाडच नसतं. मी यंत्राखाली बघितलंय. इतकं सुरेख काही मी जन्मात बघितलं नाही. शपथेवर सांगते."

तो क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि एक चपटं खोकं घेऊन आला. "गाडीत अजून चढलं नाही," तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला. "नकार माझ्या हाताने टाकलाय, माझ्या हाताने काढतो."

खोकं घेण्याआधी आतला माल तपासून सही करायची होती. घड्याळजींनी सवयीने कोटाच्या खिशातून आपला काळा मखमलीचा रुमाल काढला. कुठलाही बारीक भाग ते त्यावरच ठेवत. घरातून दुकानात, दुकानातून घरात, तो त्यांच्या खिशातच असे. त्यांनी तो काउंटरवर पसरला, हाताने सारखा केला, खोक्याचं झाकण उघडलं आणि वाकले.

भुवया वर गेल्या. डोळे अर्धवट मिटले.

"आहेत! पुष्कळ आहेत!" असं ओरडून वहिनींनी झाकण धाडकन लावलं आणि खोक्यावर दोन्ही हात ठेवून आडव्या झाल्या. वरून फेरी गेली. काउंटरवरच्या पावत्या उडाल्या. पराग दोन पावलं मागे सरला आणि पुटपुटला, "हे माझ्यामुळे?"

वहिनींनी मात्र हे ऐकलं नाही. त्या खोक्यावर आडव्या होत्या, आणि त्यांचं नाक त्या मखमलीपासून वीतभर अंतरावर होतं. सगळा झाडांचा रस्ता हा माणूस शिंकला नाही. आणि इथे, जमिनीखाली, जिथे खिडकी नाही, झाड नाही, वारा नाही, तिथे? त्यांची नजर रुमालावर गेली. काळ्या मखमलीच्या लवेत पिवळं काहीतरी होतं. काळ्यावर पिवळं कसं छान उठून दिसतं.

रोज संध्याकाळी कोटाच्या खिशातून तो रुमाल काढायचा, त्यावर तुरे झटकायचे, धूळ बघायची आणि मग रुमाल खिडकीतून दोनदा नीट झटकून घडी करून परत खिशात ठेवायचा. वहिनी टापटिपीच्या होत्या. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, हा त्यांचा बाणा होता.

परतताना रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून वहिनींनी हात लांब करून धरला होता. झाडांचा रस्ता पुन्हा लागला, तेव्हा त्या थांबल्या.

"अहो. तुमच्या शिंका मी करत होते."

घड्याळजींना आधी कळेना. मग वहिनींनी सगळं सांगितलं, तुऱ्यांपासून घडीपर्यंत. घड्याळजी ऐकत उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर वरून एक तुरा पडला होता, तो त्यांनी बोटाने उडवला.

"यंदाच्या सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या नाही. थोड्या झाडांच्याही असतील. पण टेबलाशी बसलं की लागायच्या, त्या माझ्या."

घड्याळजींनी मोठा श्वास घेतला. आणि वहिनी ज्याची तयारी करून उभ्या होत्या, ते काही झालं नाही. ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज झाला.

"आणि मी समजत होतो, मनच उडालं," ते म्हणाले. "टेबलाशी बसलं की शिंका. शटर ओढलं की बरं वाटायचं. म्हटलं, हातातलं काम आता आपल्याला नको म्हणतंय. म्हणून आता पक्कंच करत आलो होतो, देऊन टाकावं दुकान."

 इतक्या काचा तपासल्या, इतके कण बघितले, आणि हे एवढं मोठं शेजारी बसून जेवत होतं ते वहिनींना दिसलं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "मेव्हण्याला आजच फोन करा."

घरी आल्या आल्या त्यांनी फलकावरचा कागद काढला आणि आपला जुना मसुदा अख्खाच्या अख्खा लावला. झाडं, कण, प्रमाण, अंदाज, सगळ्यांसकट. अध्यक्ष पेन घेऊन आले, वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावून गेले.

मग त्या खरोखरीच्या अंदाजाला बसल्या. हवामान खातं म्हणत होतं, परवा रात्री पाऊस. म्हणजे तेरवा सकाळी जमीन ओली, तुरे भिजलेले, वारा पडलेला. "तेरवा," वहिनी म्हणाल्या. "सकाळी. ऊन चढायच्या आत."

"नक्की?"

"अंदाज आहे," वहिनी म्हणाल्या. हा शब्द इतक्या मानाने त्यांनी पूर्वी कधी उच्चारला नव्हता.

पाऊस आला. दोन दिवसांत त्यांनी कोट धुतला, पडदे धुतले, दुकानाचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, समोरच्या काकूंचं मांजरही पुसायला निघाल्या होत्या. नवी मखमल आली. आणि त्या सकाळी वाचनालयाच्या दारात त्या स्वतःच थबकल्या. आपले केस, आपली ओढणी, आपली पर्स. महिनाभर हीच बाई झाडाझाडाशी गळाभेट करत फिरली होती.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी बाहेर बसते."

मागच्या वर्षी त्या शिडी धरून उभ्या होत्या. घड्याळजी क्षणभर घुटमळले, मग आत गेले.

वहिनी समोरच्या ओल्या बाकावर बसल्या. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. ग्रंथपाल बाई शिडीशी. पेन्शनर मंडळी दालन उघडायची वाट न बघता खुर्च्या धरून. घड्याळजी शिडीवर चढले. पट्टी वर गेली, बसली. मग त्यांनी दोन्ही हातांनी लंबक उचलला, तोल घेतला, आणि तिथेच थांबले.

भुवया वर चढल्या. डोळे अर्धवट मिटले. ओठ विलग झाले.

आतली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली. ग्रंथपाल बाईंनी तोंडावर हात ठेवला. शहरात जेवढी माणसं त्या चेहऱ्याला ओळखत होती तेवढ्या सगळ्यांनी मनात सेलवरचं घड्याळ लावून टाकलं. फक्त बाहेर बाकावर बसलेल्या बाईने काचेतून तो चेहरा नीट पाहिला. भुवईचं टोक, नाकपुडीची कड, हनुवटी. वहिनींनी आपल्या जुन्या, बिनकामाच्या विद्येने तो वाचला.

"नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ही शिंक नाहीये. हा खरंच विचार करतोय."

घड्याळजींनी विचार केला, लंबक केसभर डावीकडे घेतला आणि अडकवला. मग बोटाने हलकेच ढकलला. लंबक गेला आणि आला. पुन्हा गेला आणि पुन्हा आला.

आत टाळ्या वाजत असाव्यात, हात हलताना दिसत होते. घड्याळजींनी काटे धरले आणि मग खिसे चाचपले. स्वतः ते कधीच घड्याळ घालत नसत. शिडीवरूनच वळून त्यांनी काचेपलीकडे बघितलं आणि मनगटावर बोट आपटून विचारलं. वहिनींनी बोटांनी दाखवलं, नऊ, आणि मग वरची मिनिटं. ग्रंथपाल बाईंच्या हातात घड्याळ होतं, टेबलावर संगणक होता, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

थोड्या वेळाने ते बाहेर आले, पिशवी खांद्याला, आणि बाकावर येऊन टेकले. ऊन वर यायला लागलं होतं. झाडांवरचे तुरे वाळून हलू लागले होते, आणि पहिली झुळूक आली तशी चौकात बारीक पिवळं काहीतरी चमकून गेलं. घड्याळजींनी वर बघितलं. चेहरा विचारवंतासारखा झाला.

"शिंका आता खुशाल," वहिनी म्हणाल्या.

फेरी झाली. चौकातली कबुतरं उडाली. रस्त्यावरून हेल्मेटमधला एक उंच माणूस पार्सलं घेऊन चालला होता, त्याने गाडी जरा हळू केली, छातीवर बोट ठेवून खुणेनेच विचारलं, 'मी?' वहिनींनी हात हलवून सांगितलं, नाही, नाही, झाडाचा. तो हसून पुढे गेला.

घड्याळजींनी साध्या रुमालाने नाक पुसलं, डोळे पुसले आणि काचेआडच्या लंबकाकडे बघत म्हणाले, "झाल्या बहुतेक."

वहिनींनी त्यांच्याकडे एकवार बघितलं.

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या.

आणि ती आली.